हॉबी बॅच अपुरी पडते, टीम मात्र नको: मुलांसाठी मधली जिम्नॅस्टिक्स कशी शोधावी

जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ या भागात जिम्नॅस्टिक्सची सुरुवात बहुधा उन्हाळी शिबिरातून होते. पोरांना सुट्टी, घरात धिंगाणा, म्हणून क्रीडा संकुलात किंवा एखाद्या व्यायामशाळेत नाव घातलं जातं. जूनमध्ये शाळा सुरू झाली तरी पोर "मी जाणारच" म्हणतं, आणि मग आठवड्याला दोन दिवसांची हॉबी बॅच लागते. वर्ष-दीड वर्षात पुढची-मागची कोलांटी, कार्टव्हील (हात टेकून बाजूला मारलेली कोलांटी), भिंतीला हँडस्टँड, ब्रिज (हात-पाय टेकून अंगाची कमान) सगळं जमायला लागतं. एक दिवस सर म्हणतात, "आता हिला टीममध्ये टाका, रोज पाठवा." रोज म्हणजे किती तास, शाळेचं काय, पडली-बिडली तर काय, आणि नाही म्हटलं तर तीच कोलांटी आणखी दोन वर्षं मारत बसायची का, हे सगळे प्रश्न आईवडिलांपुढे एकाच संध्याकाळी येतात.

या दोन्हींच्या मधे जागा असते. आपल्याकडे तिची वेगळी पाटी कुठे लावलेली नसते, म्हणून ती बघून, विचारून आणि सरांशी बोलून तयार करून घ्यावी लागते. त्यासाठी या खेळातल्या काही गोष्टी आईवडिलांना माहीत असलेल्या बऱ्या.

सगळ्यात आधी, पोराला नेमकं काय अपुरं पडतंय ते बघा. "कंटाळा येतो" यामागे चार वेगळी कारणं असू शकतात. बॅचमध्ये सगळी पाच-सहा वर्षांची आणि आपली नऊची, तर तिला सोबत हवी आहे. तीस मुलांमागे एक सर असतील आणि तासात तिची पाळी सहा-सात वेळाच येत असेल, तर तिला नवीन प्रकार नको आहेत, पाळ्या जास्त हव्या आहेत. घरी गादीवर, ओट्यावर, शेतात बांधावर तेच तेच करून बघत असेल आणि फोनवर पुढचे प्रकार शोधत असेल, तर मात्र ती खरंच पुढे जायला तयार आहे. चौथी शक्यताही मनात ठेवा: तिला जिम्नॅस्टिक्स नकोच असेल, नुसतं धावायचं-उड्या मारायच्या असतील. मग खो-खो जास्त बरा, आणि तो आपल्याकडे चांगला मिळतो.

टीम म्हणजे काय पदरात येतं

कॉम्पिटिशन बॅच म्हणजे बहुतेक ठिकाणी आठवड्याचे पाच-सहा दिवस, दिवसाला दोन ते तीन तास. स्पर्धा जवळ आली की सकाळ-संध्याकाळ. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी होतात. वयोगट १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे. खान्देशातले तिन्ही जिल्हे नाशिक विभागात येतात, म्हणजे जिल्ह्यातून निवड झाली की बाहेरगावचा प्रवास आलाच. याशिवाय जिम्नॅस्टिक्स संघटनेच्या स्पर्धा वेगळ्या.

मुलींच्या आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्समध्ये चार साधनं असतात: व्हॉल्ट, अनइव्हन बार, बॅलन्सिंग बीम आणि फ्लोअर. मुलांना सहा: फ्लोअर, पॉमेल हॉर्स, रिंग्ज, व्हॉल्ट, पॅरलल बार, हॉरिझॉन्टल बार. बीम १० सेंटिमीटर रुंद, ५ मीटर लांब आणि जमिनीपासून १२५ सेंटिमीटर उंच असतो. फ्लोअर १२ बाय १२ मीटरचा. ही मापं सांगायचं कारण, टीमचा सराव हा याच साधनांवर, प्रकारांचा ठरलेला संच स्पर्धेच्या दिवशी चुकता कामा नये यासाठी असतो. हॉबी बॅचमध्ये पोर प्रकार शिकतं. टीममध्ये तोच प्रकार शेकडो वेळा घासतं. काहींना ते घासणं आवडतं. ज्यांना आवडत नाही त्यांना रोज नेऊन बसवलं की सहा महिन्यांत पोट दुखायला लागतं, नेमकं संध्याकाळी पाचला.

अमेरिकेत याची सोय कागदावरच केलेली आहे. तिथल्या जिम्नॅस्टिक्स संघटनेची एक शिडी १ ते १० अशा पायऱ्यांची आहे. खालच्या पायऱ्यांवर सगळ्यांना एकच ठरलेला संच करावा लागतो. तिला समांतर 'एक्सेल' नावाची दुसरी वाट आहे. त्यात ब्राँझपासून वर गट आहेत आणि मूल आपल्याला जमणारे प्रकार घेऊन, नियमांच्या चौकटीत, स्वतःचा संच बांधतं. तास सहसा कमी, शाळा आणि दुसरा एखादा खेळ सांभाळून करता येईल असे. यूट्यूबवर आईवडिलांना जे 'एक्सेल गोल्ड'चे व्हिडिओ दिसतात ते हेच. आपल्याकडे असा तयार गट शोधत बसू नका. त्यातल्या तीन गोष्टी मात्र उचलता येतात: कमी दिवस, आपल्या आवाक्यातला संच, आणि स्पर्धा ऐच्छिक.

याहून मोकळं रूपही आहे. आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघ 'जिम्नॅस्टिक्स फॉर ऑल' नावाने एक शाखा चालवतो. त्याचा मोठा मेळा, वर्ल्ड जिमनास्ट्राडा, १९५३ मध्ये रॉटरडॅमला सुरू झाला. तिथे हजारो लोक गटाने सादरीकरण करतात आणि कुणालाही नंबर मिळत नाही. २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्टला आपल्या शाळांच्या मैदानावर होणारी मनोरे आणि कसरतींची प्रात्यक्षिकं त्याच जातीची. शाळेत अशी तुकडी असेल तर ती कमी समजू नका. एक अट मात्र ठेवा: तीन थरांचे मनोरे मॅटशिवाय, भर मैदानावर होत असतील तर आपलं पोर वरच्या थरावर नको.

गुणांचं गणित दबावाच्या विरोधातच आहे

घाई करणाऱ्या सरांना आणि त्याहून जास्त घाई करणाऱ्या पालकांना हे गणित दाखवावं. आंतरराष्ट्रीय नियमावलीत गुण दोन भागांत मिळतात. एक प्रकाराच्या अवघडपणाचा, दुसरा सफाईचा. अवघडपणात सगळ्यात सोप्या 'ए' गटातल्या प्रकाराला ०.१, त्याच्या पुढच्या 'बी'ला ०.२ असे गुण वाढत जातात. सफाईचे गुण १० पासून सुरू होतात आणि कापले जातात: बारीक चूक ०.१, मध्यम ०.३, मोठी ०.५, आणि पडलं की थेट १.०.

म्हणजे 'ए'च्या जागी घाईने 'बी' टाकला तर फायदा ०.१ चा. पडलं तर तोटा १.०. गुडघे वाकले, पंजे सुटले, पाऊल सरकलं, तर पडल्याशिवायच फायदा संपतो. गावपातळीवरच्या स्पर्धांत नियम सोपे केलेले असतात, तरी हा हिशेब फारसा बदलत नाही. नऊ-दहा वर्षांच्या मुलीला अर्धवट जमलेली बॅक हँडस्प्रिंग (मागे झेप घेऊन हातांवरून उलटणं) स्पर्धेत करायला लावणं हे धोक्याचं तर आहेच, आणि गुणांच्या हिशेबातही आतबट्ट्याचं.

"वय निघून जाईल" हे दुसरं नेहमीचं वाक्य. ऑलिंपिकला मुलींचं किमान वय १६ आहे, तेही त्या वर्षात पूर्ण होणारं. दीपा कर्माकर २०१६ मध्ये रिओला व्हॉल्टमध्ये चौथी आली तेव्हा तिची २३ वर्षं पूर्ण होत होती. उझबेकिस्तानची ओक्साना चुसोवितिना टोकियोत उतरली तेव्हा ४६ वर्षांची होती. हे अपवाद आहेत, मान्य. पण तिसरीतल्या पोरीचं वय निघून चाललंय असं कुणी सांगत असेल तर सांगणाऱ्याच्या घाईचं कारण दुसरीकडे शोधावं.

दहावीच्या सवलतीच्या गुणांचंही तसंच. खेळाडूंना बोर्डाच्या परीक्षेत ते मिळतात, सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षणही आहे, आणि खान्देशातल्या घरांत हा विचार होणं अगदी स्वाभाविक आहे. पण आठ वर्षांच्या पोराचा रोजचा सराव त्या हिशेबावर ठरवायचा नसतो. नववीत गेल्यावर, खेळ टिकलेला असेल आणि त्याची स्वतःची इच्छा असेल, तर तेव्हा बघता येतं.

बॅच बघायला गेल्यावर काय बघायचं

एक पूर्ण तास बसा. दाराबाहेर नाही, आत. आत बसू देत नसतील तर कारण विचारा. "मुलांचं लक्ष विचलित होतं" हे कारण रोजसाठी ठीक आहे, पण पहिल्या भेटीला आणि महिन्यातून एकदा बघू देण्यात कुणाची हरकत नसावी.

मुलं उतरतात कशी ते आधी बघा. हवेत काय करतात ते नंतर. उडी मारून खाली आल्यावर पाय खांद्याएवढ्या किंवा त्याहून कमी अंतरावर, गुडघे वाकलेले आणि पायाच्या बोटांच्या रेषेत, छाती वर, हात पुढे, आणि दोन-तीन आकडे मोजेपर्यंत स्थिर: हे चांगलं उतरणं. गुडघे आत एकमेकांकडे झुकत असतील, टाचांवर धप्पकन आदळत असतील, किंवा पडताना हात मागे टेकत असतील आणि सर काहीच बोलत नसतील, तर ती बॅच कितीही मेडलं मिळवत असो, सोडून द्या. हात मागे टेकून पडल्यानं मनगट आणि कोपर मोडतं. या खेळातल्या फ्रॅक्चरचं ते फार जुनं आणि फार टाळता येण्याजोगं कारण आहे. चांगले कोच पहिल्याच महिन्यात पडायला शिकवतात: हात छातीशी, हनुवटी आत, पाठ गोल करून लोळायचं.

मग स्ट्रेचिंग बघा. स्प्लिटमध्ये बसलेल्या मुलीच्या खांद्यावर किंवा मांडीवर कुणी बसून दाबत असेल, मुलगी रडत असेल आणि बाकीच्यांना त्यात काही विशेष वाटत नसेल, तर तिथून उठायला हरकत नाही. लवचिकता आठवड्यांनी आणि महिन्यांनी येते. ताण स्नायूच्या मध्यभागी जाणवला तर ठीक; गुडघ्याच्या मागे, जांघेत किंवा बसायच्या हाडाशी टोचल्यासारखं दुखत असेल तर थांबायचं. जोरात दाबल्याने हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू, त्या हाडाजवळ फाटतं आणि ते बरं व्हायला महिने जातात.

साधनांबद्दल फार नाक मुरडू नका, पण पायाखाली काय आहे ते विचारा. स्प्रिंगचा फ्लोअर मोजक्याच ठिकाणी असतो. बऱ्याच हॉलमध्ये फरशीवर ज्युदोच्या चार-पाच सेंटिमीटरच्या मॅट असतात. त्यांच्यावर कोलांटी, हँडस्टँड, कार्टव्हील होतं. टम्बलिंगच्या, म्हणजे पळत येऊन सलग उलटण्याच्या, रोजच्या उड्या होऊ नयेत. उतरायला निदान २० सेंटिमीटरची जाड गादी हवी. दोन मॅटच्या मधली फट, फाटलेलं कव्हर, बीमच्या खाली एका बाजूलाच असलेली गादी या बारीक गोष्टी बघा, कारण घोटा मुरगळतो तो बहुतेक अशा फटीतच.

संख्या मोजा. सुरुवातीच्या प्रकारांना दहा-बारा मुलांमागे एक कोच चालतो. मागे जाणाऱ्या आणि उलट्या प्रकारांना सहा-आठांवर जाऊ नये. मोठी मुलं लहानांना सपोर्ट देत असतील तर ते कोणत्या प्रकाराला देतात ते बघा. हँडस्टँडला ठीक. बॅक हँडस्प्रिंगला चौदा वर्षांच्या पोराच्या हातात नऊ वर्षांची पोर नको.

सपोर्टच्या बाबतीत आणखी एक गोष्ट उघडपणे बोलायला हवी. या खेळात कोचला मुलांना हात लावावा लागतो. हात कुठे जातो ते ठरलेलं असतं: कमरेच्या मागे, मांडीच्या मागच्या बाजूला, दंडाला, खांद्याला. हे पोराला आधीच सांगा, म्हणजे वेगळं काही झालं तर त्याला ओळखता येईल. बंद खोलीत एकट्याचा सराव, कोचने मुलांना रात्री वैयक्तिक मेसेज करणं, स्पर्धेच्या गावी मुलींसोबत एकही बाई नसणं, या तिन्हींना नाही म्हणायचं. अमेरिकेत जिम्नॅस्टिक्स संघाच्या डॉक्टरने केलेल्या लैंगिक अत्याचारांचं प्रकरण २०१६ मध्ये बाहेर आलं, ब्रिटनमध्ये २०२२ च्या व्हाइट अहवालाने वर्षानुवर्षांचा छळ मांडला, आणि दोन्हीकडे "कोच आहेत, त्यांना कळतं" हेच वाक्य आधी वापरलं गेलेलं होतं. आपल्याकडे २०१२ चा पॉक्सो कायदा आहे आणि चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर पोराला पाठ असावा.

पुढे जायचं म्हणजे कशाच्या पुढे

दबाव कमी म्हणजे प्रगती कमी, असं धरून चालू नये. कमी दिवसांच्या बॅचमध्येही पायऱ्या स्पष्ट हव्यात, नाहीतर ती पुन्हा हॉबी बॅचच झाली. उदाहरण म्हणून हॉबीतून बाहेर पडणाऱ्या बहुतेक मुलांचं स्वप्न घ्या: बॅक हँडस्प्रिंग, म्हणजे उभ्याने मागे झेप घेऊन हातांवरून पायांवर येणं.

तिच्या आधी चार गोष्टी पक्क्या लागतात. पोट भिंतीकडे करून हँडस्टँड, कोपर सरळ, २० ते ३० सेकंद. जमिनीवर उताणं पडून, कंबर जमिनीला चिकटवून, हात-पाय थोडे उचलून तेवढाच वेळ धरणं. याला 'हॉलो होल्ड' म्हणतात. ब्रिज असा की वाक खांद्यांतून आलाय, सगळा कमरेतून नाही. खांदे मनगटांच्या वर आले पाहिजेत. आणि राउंड-ऑफ, ज्यात दोन्ही पाय एकत्र टेकतात आणि लगेच वर उसळी येते. कार्टव्हीलमध्ये पाय एकामागून एक येतात; राउंड-ऑफ ही तिचीच पुढची पायरी.

यातलं एखादं कच्चं असलं की काय होतं तेही ठरलेलं आहे. कोपरं वाकतात आणि डोकं आधी टेकतं. झेप मागे जाण्याऐवजी जागच्या जागी वर जाते आणि हात पायांच्या फार जवळ पडतात. डोकं झटक्याने मागे टाकलं जातं आणि गुडघे पुढे येतात. हे सर्व "भीती काढून टाक" म्हणून सुटत नाही. मागची पायरी पुन्हा केल्यानेच सुटतं. चांगला कोच आधी मोठ्या गोल फोमवरून, मग उताराच्या गादीवर दोन माणसांच्या सपोर्टने, मग एकाच्या, मग सपाटीवर असा येतो. उताराची गादी नसेल तर गाद्या एकावर एक रचून उतार करता येतो, बऱ्याच ठिकाणी तसंच करतात. आठवड्याला तीन दिवस सराव करणाऱ्या मुलाला यात सहा महिने ते वर्ष लागलं तर काहीही बिघडलेलं नाही.

मग एखाद्या दिवशी, जमत असलेला प्रकार पोर अचानक करत नाही. नऊ ते बाराच्या वयात हे फार दिसतं. पळत येतं, थांबतं, रडतं. "नाटक करते" हे सगळ्यात चुकीचं निदान. मागे जाणाऱ्या प्रकारात डोळ्यांना जमीन दिसत नाही, शरीर हवेत कुठे आहे याचा अंदाज हरवतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ मध्ये, अमेरिकेच्या ऑलिंपिक विजेत्या सिमोन बाइल्सनेही याच कारणाने बहुतेक अंतिम फेऱ्या सोडल्या होत्या. उपाय एकच: दोन पायऱ्या खाली, सपोर्टसह, काही आठवडे. टीममध्ये स्पर्धेची तारीख समोर असल्यामुळे ही मुभा मिळत नाही. कमी दबावाच्या बॅचची खरी किंमत अशा वेळी कळते, म्हणून सरांना हा प्रश्न आधीच विचारून ठेवा: "सर, पोरगी एखाद्या प्रकाराला घाबरली तर तुम्ही काय करता?"

तास, वाढ आणि दुखणी

क्रीडावैद्यकात एक सोपा संकेत वापरतात: आठवड्याचे ठरवून घेतलेले खेळाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्याच्या वर जाऊ नयेत. नऊ वर्षांच्या मुलीला नऊ तास, त्यात शाळेचा पीटीचा तास, डान्स क्लास, सगळं धरून. आठवड्यात निदान एक, शक्यतो दोन दिवस पूर्ण सुट्टी. वर्षात सगळे मिळून दोन-तीन महिने वेगळं काहीतरी. या हिशेबाने मधल्या बॅचला तीन दिवस, प्रत्येकी दीड ते दोन तास, पुरेसे होतात.

खान्देशात या तासांत प्रवासही मोजावा. भुसावळ ते जळगाव २५ किलोमीटर आहे, गाडी वेळेवर असली तर बरं. चोपडा, पारोळा, शहादा इथून जिल्ह्याच्या गावाला रोज नेणं म्हणजे पोराचे तीन तास रस्त्यात. त्यापेक्षा गावात दोन दिवस व्यायामशाळा आणि रविवारी जिल्ह्याच्या हॉलमध्ये एक लांब सत्र, अशी विभागणी सरांना विचारून बघा.

मुलींची उंची साधारण ११-१२ व्या वर्षी आणि मुलांची १३-१४ व्या वर्षी झपाट्याने वाढते. त्या काळात हाडांच्या टोकांजवळचा वाढीचा भाग कमकुवत असतो, स्नायू मागे पडतात, आणि जमलेले प्रकार बिघडतात. दाराच्या चौकटीवर दर तीन महिन्यांनी पेन्सिलीची खूण करा. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटरच्या आसपास वाढ दिसली तर पुढचे दोन-तीन महिने उड्यांची संख्या आणि पाठ मागे वाकवणारे प्रकार कमी करायला सांगा. हातावर वजन घेताना मनगटाच्या मागच्या बाजूला दुखणं, सरावानंतर टाच दुखून लंगडणं, आणि मागे वाकताना कंबर दुखणं, या तिन्हींकडे दुर्लक्ष नको. कंबर दोन आठवड्यांहून जास्त दुखत राहिली तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. मणक्याला बारीक तडा गेलेला असू शकतो. त्यावर तेल लावून चोळून घेऊ नये, स्प्रे मारून पुन्हा उतरू नये.

आजी म्हणते की जिम्नॅस्टिक्सने उंची खुंटते. तसं होत नाही. बुटकी मुलं या खेळात टिकतात, म्हणून खेळाडू बुटके दिसतात. मात्र पोटभर न खाता रोज चार-पाच तास सराव केला तर वाढ आणि पाळी लांबू शकते. म्हणून मुलांचं वजन सगळ्यांसमोर करणारा, "भाकरी कमी खा" म्हणणारा कोच नको. सरावाआधी तासभर एखाद-दोन केळी. रावेर-यावलच्या पट्ट्यात याची काय कमी? भरपेट जेवण असेल तर दोन-अडीच तास आधी. कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊन लगेच हँडस्टँड केलं की काय होतं ते एकदाच कळतं.

ऊन हा इथला वेगळा धोका. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४५ पर्यंत जातो आणि पत्र्याचा हॉल दुपारी चारलाही भट्टीसारखा तापलेला असतो. त्या दिवसांत बॅच सकाळी साडेसहा-सातला किंवा संध्याकाळी साडेसहानंतर हवी. दर वीस मिनिटांनी पाणी पिण्याची सुट्टी हवी. घामाने हात सुटतो, म्हणून बारवर मॅग्नेशियम पावडर लागतेच. ती नसेल तर त्या दिवशी बार नको. डोकं दुखणं, मळमळ, अंगावर काटा येणं अशी चिन्हं दिसली की सराव थांबवून सावलीत, ओलं कापड, पाणी. उन्हाळी शिबिर बघून वर्षाची बॅच ठरवू नका; त्या शिबिरात गर्दी वेगळी आणि सरही कधी कधी वेगळे असतात.

कपड्यांवरून अकरा-बारा वर्षांच्या कितीतरी मुली हा खेळ सोडतात. लिओटार्ड सक्तीचा आहे का, वरून शॉर्ट किंवा लेगिंग चालते का, पाळीच्या दिवसांत काय सवलत आहे, हे आधीच विचारा. टोकियोत जर्मनीच्या मुली घोट्यापर्यंतचा पूर्ण पोशाख घालून उतरल्या होत्या आणि ते नियमात बसतं. तेव्हा "असंच घालावं लागतं" याला फारसा आधार नाही. फक्त कपडे ढगळ नकोत. सुटलेल्या टी-शर्टमध्ये सपोर्ट देणाऱ्याचा अंगठा अडकतो. पैंजण, बांगड्या, कानातले, गळ्यातला काळा दोरा, मुलांचा करदोडा घरीच काढून पाठवा. केसांना रबर लावा, क्लिप नको.

मल्लखांब आणि इतर वाटा

गावात जिम्नॅस्टिक्सचा हॉलच नसेल तर मल्लखांब बघा, आणि असला तरी बघा. बाळंभटदादा देवधरांच्या परंपरेतला हा आपला खेळ जिम्नॅस्टिक्सला लागणारं जवळपास सगळं देतो: पकड, खांदे, पोट, उलटं होण्याची सवय. पुरलेला, टांगता आणि दोरीचा असे प्रकार आहेत. साधनांचा खर्च कमी, त्यामुळे लहान गावातल्या व्यायामशाळेला परवडतं. उंच उसळ्या कमी, म्हणून मनगट आणि टाचांवर मार कमी बसतो. त्याऐवजी मांड्या आणि काखेतली कातडी सोलवटते, पहिले दोन महिने रडारड होते. खांबाला एरंडेल लावलेलं असतं, ते पुसून न घेता पोर थेट गादीवर उतरलं तर सटकतं. स्पर्धेचा ताण तिथेही असतो, म्हणून वरचे सगळे प्रश्न तिथेही विचारायचे.

ऱ्हिदमिक (रिबन, चेंडू घेऊन संगीतावर) आणि एरोबिक जिम्नॅस्टिक्स, योगासन स्पर्धा हे पर्यायही आहेत. योगासनात "अजून वाक" हा दबाव जास्त असतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

सरांशी बोलणं

आपल्याकडे सरांना अटी सांगायला संकोच वाटतो. पण बहुतेक कोचना नियमित येणारं, तीन दिवस टिकणारं मूल रोज येऊन दोन महिन्यांत सोडणाऱ्यापेक्षा आवडतं. सरळ बोला: "सर, तीन दिवस नक्की पाठवू, सुट्टी घेणार नाही. स्पर्धेचं वर्षभर नको. काय शिकवणार ते तीन महिन्यांचं सांगाल का?" सर जर एक-दोन प्रकार नाव घेऊन सांगू शकले तर त्यांच्याकडे आराखडा आहे. "बघू, करून घेऊ" एवढंच उत्तर आलं तर पैसे एकदम वर्षाचे भरू नका. फीमध्ये काय येतं तेही विचारून घ्या: स्पर्धेची प्रवेश फी, ड्रेस, बाहेरगावी सरांचा प्रवासखर्च, परीक्षेच्या महिन्यात फी भरावी लागते का. पोराच्या देखत हे बोलू नका, आणि त्याच्या देखत दुसऱ्या मुलाशी तुलना तर मुळीच नको.

तीन महिन्यांनी पोराला "मजा येते का" असं विचारून फारसं कळत नाही, सगळी मुलं "हो" म्हणतात. "या महिन्यात काय नवीन आलं? काय अजून येत नाही? सर तुला शेवटचं काय म्हणाले?" असं विचारा. उत्तर भराभर आलं तर बॅच चालू ठेवा. सराव चुकला म्हणून आनंद होत असेल, सकाळी उठवताना रोज भांडण होत असेल, झोप किंवा जेवण बिघडलं असेल, तर आधी दिवस कमी करा, तरी नाही जमलं तर महिनाभर बंद करून बघा.

आणि पोर स्वतःच म्हणालं की मला जिल्ह्याच्या स्पर्धेत उतरायचंय, तर अडवू नका. एकच स्पर्धा, आधीच पक्के असलेले प्रकार, नवीन काही नाही. त्यासाठी शेवटचे सहा आठवडे एक दिवस वाढवा, एकाच वेळी दोन नाही, आणि स्पर्धा संपल्यावर पुढच्या सोमवारपासून पुन्हा तीनच दिवस. हे सरांशी नाव नोंदवण्याच्या आधी ठरवा. राज्य स्पर्धेची निवड यादी लागल्यावर ते बोलणं अवघड जातं.